गाडीची चावी कोणाकडे आहे?

भिवंडीत मानकोलीकडच्या एका गोदामात सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात बिल्टी, सील, चलन सगळं शिकवलं गेलं. मागे येणाऱ्या गाडीची भीती मात्र तिसऱ्या महिन्यात कळली.

पहाटेची वेळ. ३२ फुटी कंटेनर डॉकला, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्याला, लागत होता. दाराची कडी काढायची राहिली म्हणून आमचा एक हेल्पर मध्ये शिरला. ड्रायव्हरला वाटलं, अजून हातभर जागा आहे. क्लीनर 'आने दो, आने दो' करत होता, त्यात पोराची किंकाळी बुडाली. डॉकचं रबर आणि दार यांच्यात हात सापडला. दोन बोटं गेली.

नव्या मुलांनो, दारं आवारातच उघडून बाजूला अडकवून घ्या, मगच गाडी मागे येऊ द्या. इशारा करणारा एकच माणूस असावा आणि तो ड्रायव्हरच्या आरशात दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला की गाडी जागीच थांबली पाहिजे.

गाडी लागली म्हणून निर्धास्त होऊ नका. माल उचलणारी फोर्कलिफ्ट आत जाऊन ब्रेक मारते, तसा कंटेनर दर फेरीला थोडा थोडा पुढे सरकतो. लेव्हलरची, म्हणजे डॉक आणि गाडीमधली फट झाकणाऱ्या लोखंडी फळीची, पट्टी सुटली की फोर्कलिफ्ट थेट फटीत. तीन टन उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजनच चार टनांच्या वर असतं. म्हणून चाकांना ठोकळे लावा आणि चावी काढून आपल्याकडे टांगा. फोन चार्ज करायचाय म्हणून ड्रायव्हर कुरकुरतात. कुरकुरू देत. माल उतरायच्या आधी गाडी हलली तर आतल्या माणसाचं काय होईल, ते मला डोळ्यांपुढे दिसतं.

फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे वळताना तिची शेपूट बाहेर फिरते. तिथे पाय नको.

आता कागदाचं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, बहुतेक लागू असते. कामावरच्या इजेला त्यात पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. कामावर परतेपर्यंत मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते. पण इजा कामावर झाल्याची नोंद हवी. त्या पहाटे मला सांगण्यात आलं, 'घरी दारात बोटं सापडली' असं लिही. मी नाही लिहिलं. अपघात वहीत घातला, त्या हेल्परबरोबर दवाखान्यात गेलो आणि केसपेपरवर 'कामावर असताना' हे शब्द वाचल्यावरच तिथून हललो.