घरी ब्रेक पॅड बदलताय? आधी हे वाचा

पुढचे डिस्क ब्रेक पॅड घरी बदलता येतात, पण काही गोष्टींत अजिबात कंटाळा करू नका. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक लावा, आणि नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली हात घालू नका, जॅक स्टँड (गाडीला खालून टेकू देणारा पक्का स्टँड) हवाच, विटा-दगड तर नकोच नको. एका वेळी एकच बाजू उघडा म्हणजे काही आठवेनासं झालं तर दुसऱ्या बाजूला बघता येतं. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काढला की तो ब्रेकच्या होजवर, म्हणजे रबरी नळीवर, लटकत ठेवू नका, होज आतून खराब होतो आणि बाहेरून कळतही नाही, तारेनं वर स्प्रिंगला बांधून ठेवा.

कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) आत ढकलताना जुना पॅड मधे धरून सी-क्लॅम्पने (सी आकाराच्या स्क्रूच्या पकडीने) हळूहळू दाबा, आणि एक डोळा बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्यावर ठेवा, कारण तिथली पातळी वर येते, ओसंडलं तर रंग खातं. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन पुसून ब्रेकचंच ग्रीस लावा, पॅड किंवा डिस्कला मात्र थेंबही लागू देऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी हलवायच्या आधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा!! पहिल्यांदा ते थेट खाली जातं, तेव्हा गाडी धावत असेल तर ब्रेक लागणारच नाही. मागचे पॅड बदलायचे असतील आणि तिथे इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक (बटणाने लागणारा) असेल तर सरळ मेकॅनिककडे जा.