चिनी ड्रॅगनवर बोली लावताना: जुनी तिकिटं, जुनी पाकिटं आणि लिलावाचे हिशोब

चीनच्या जुन्या तिकिटांत अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन तिकिटांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. तो फरक कधी दीड-दोन मिलिमीटर समासात असतो, कधी कागदाच्या जाडीत, तर कधी मागच्या बाजूला उमटलेल्या एका पुसट शिक्क्यात. लिलावाच्या कॅटलॉगमधला फोटो यातलं निम्मंच दाखवतो. म्हणून बोली लावण्याआधीचं काम जास्त आणि लिलावाच्या दिवशीचं काम कमी, असंच गणित ठेवावं.

आधी काळ निवडा

‘चीन’ हा संग्रहाचा विषय होऊ शकत नाही, तो फार मोठा आहे. एक काळ धरा आणि त्याचीच सामग्री वाचा.

पहिला काळ कस्टम्स पोस्टचा. रॉबर्ट हार्ट यांच्या हाताखालच्या चीनच्या जकात (कस्टम्स) खात्याने १८७८ मध्ये पहिली तिकिटं काढली. हेच ते ‘लार्ज ड्रॅगन’: १ कँडरीन (त्या काळचं चिनी चलनाचं एकक) हिरवं, ३ कँडरीन लाल, ५ कँडरीन पिवळं. सुरुवातीची टपालसेवा पेकिंग, तिएनत्सिन, न्यूच्वांग, चेफू आणि शांघाय या पाच ठिकाणांमध्ये होती. १८८५ मध्ये ‘स्मॉल ड्रॅगन’ आले, १८९४ मध्ये राजमाता त्सिशी यांच्या साठाव्या वाढदिवसाची नऊ तिकिटं. मार्च १८९६ च्या शाही फर्मानाने इम्पीरियल पोस्ट स्थापन झालं आणि १८९७ मध्ये चलन डॉलर-सेंटमध्ये बदललं. त्या घाईत जुन्या तिकिटांवर आणि तीन सेंटच्या लाल महसुली तिकिटांवर नव्या किमती छापल्या गेल्या. हीच ‘रेड रेव्हेन्यू’. त्यातल्या लहान अक्षरांच्या एक डॉलरच्या तिकिटाचा चारचा ठोकळा जगात एकच आहे. त्याच मालिकेतलं एक सेंट, किंवा मोठ्या अक्षरांतलं दोन आणि चार सेंट मात्र सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात येतं, आणि शिकण्यासाठी तेच बरं.

प्रजासत्ताकाच्या काळात १९१३ ची जहाज, कापणी करणारा शेतकरी आणि सभागृह ही मालिका लंडन, पेकिंग पहिली आणि पेकिंग दुसरी अशा तीन छपायांत येते. तिन्ही शेजारी ठेवून बघितल्याशिवाय फरक डोळ्यांत बसत नाही. हाताशी पैसे थोडे आणि उत्सुकता मोठी असेल, तर १९४८-४९ ची महागाईतली पाकिटं (टपालातून गेलेले लिफाफे) घ्या. ऑगस्ट १९४८ मध्ये तीस लाख जुन्या फापींना (तोवरचं कागदी चलन) एक गोल्ड युआन असा बदल झाला, आणि काही महिन्यांत तोही युआन कोसळला. दर इतके भराभर बदलत गेले की पाकिटाची पाठ तिकिटांनी भरून जायची. दरतक्ता आणि तारीख जुळवण्याचा याहून चांगला आणि स्वस्त सराव नाही.

लोकगणराज्याच्या तिकिटांत दोन सापळे आहेत. १९४९ पासूनच्या सुरुवातीच्या मालिकांची १९५५ मध्ये पुनर्मुद्रणं निघाली. ती अधिकृत असली तरी मूळ नव्हेत, आणि नक्षीतल्या बारीक फरकांवरूनच ओळखू येतात. दुसरं म्हणजे १९५० च्या दशकातली बरीच तिकिटं डिंकाविनाच निघाली. तिथे ‘डिंक नाही’ हा दोष नसतो. उलट डिंक दिसला तर संशय घ्यावा. नोव्हेंबर १९६८ मधलं आठ फेनचं ‘सारा देश लाल’ हे तिकीट, ज्यात तैवानला लाल रंग नव्हता आणि जे लगेच मागे घेतलं गेलं, ते प्रमाणपत्राविना कुणी कितीही स्वस्तात दिलं तरी घेऊ नये. १५ फेब्रुवारी १९८० च्या माकडाच्या तिकिटाचंही तसंच. अस्सल तिकिटात माकडाचे केस कोरीव छपाईचे असतात. भिंगाखाली तिरका प्रकाश टाकला की काळी शाई कागदावर उंच उठलेली दिसते. साध्या ऑफसेटच्या नकलेत ती सपाट आणि ठिपक्याठिपक्यांची असते.

मोजमापाचं सामान

दहापट आणि तीसपट भिंग, परफोरेशन गेज (दात्यांचं माप घेणारी पट्टी), अर्धा मिलिमीटर दाखवणारी पारदर्शक पट्टी, जलचिन्ह (कागदातच असलेली खूण) बघण्याचा द्रव, काळी बशी, टोकदार नसलेला चिमटा आणि अतिनील दिवा. दिव्याचा उपयोग साधा आहे: कागद चमकवणारी रसायनं साधारण १९५० नंतर कागदात सर्रास येऊ लागली, म्हणून १८८० चं म्हटलेलं तिकीट दिव्याखाली निळसर पांढरं झळकलं तर विषय संपला. मात्र न झळकणं हा अस्सलपणाचा पुरावा नाही, कारण जुना कोरा कागद नकलाकारालाही मिळतो.

लार्ज ड्रॅगनच्या तीन छपाया ओळखताना याच सामानाचा कस लागतो. १८७८ ची छपाई पातळ, जवळजवळ पारदर्शक कागदावर, तिकिटांमधलं अंतर सुमारे अडीच ते सव्वातीन मिलिमीटर. १८८२ चीही पातळ कागदावरच, पण अंतर साडेचार मिलिमीटर, म्हणून समास रुंद. १८८३ ची जाड, अपारदर्शक कागदावर, अंतर पुन्हा अरुंद. दाते तिन्हींत साडेबारा (दोन सेंटिमीटरमागे). रुंद समासाचं पाच कँडरीन हे या संचातलं सर्वांत अवघड तिकीट, आणि गफलतही तिथेच होते. तावाच्या कडेचं १८७८ चं तिकीट एका बाजूने रुंद दिसतं. विक्रेता तीच बाजू फोटोत ठसठशीत दाखवतो. चारही समास मोजा. रुंद छपाईत चारही बाजूंना मोकळी जागा हवी. कडेला नवे दाते पाडलेत का, हे बघायला एका बाजूच्या भोकांची रेघ विरुद्ध बाजूशी ताडून पाहा: अस्सल दाते त्या काळच्या यंत्रासारखेच ओबडधोबड असतात, नवे पाडलेले फार नीट.

स्मॉल ड्रॅगनला यिन-यांगचं जलचिन्ह असतं आणि दाते साडेबारा, किंवा १८८८ चे साडेअकरा ते बारा. १८९७ च्या नव्या किमतींच्या छपाईत अंक आणि चिनी अक्षरांमधलं अंतर मोजायचं: अडीच मिलिमीटर आणि दीड मिलिमीटर हे दोन वेगळे प्रकार आहेत.

कॅटलॉगचं वर्णन वाचताना

दोन तारका म्हणजे अस्पर्श डिंक, एक तारका म्हणजे चिकटपट्टीची खूण, कंसातली एक तारका म्हणजे डिंक नाही. लार्ज ड्रॅगनमध्ये कंसातली तारका सर्रास दिसते. दमट हवेमुळे बहुतेकांचा डिंक गेलेला किंवा तपकिरी झालेला असतो, म्हणून पूर्ण पांढरा, चकचकीत डिंक दिसला की नव्याने डिंक लावल्याचा विचार आधी करा. दात्यांच्या टोकांना डिंकाची कडक पापडी असेल तर तो नंतरचा आहे.

वर्णनात जे लिहिलेलं नाही ते विचारा. ‘किरकोळ दोष’ म्हणजे नेमका काय दोष? कागद पातळ झालाय का, घडी आहे का, दात कापलाय का, गंजाचे ठिपके आहेत का? मागच्या बाजूचा आणि जलचिन्ह-द्रवात घातलेल्या स्थितीचा फोटो मागवा. पातळ झालेली जागा द्रवात काळी दिसते. चांगलं लिलावघर हे एक-दोन दिवसांत पाठवतं, टाळाटाळ झाली तर तो लॉट (एकत्र बोलीला ठेवलेली वस्तू) सोडून द्या. अनेक तिकिटांचे गठ्ठे आणि ‘जसं आहे तसं’ असं लिहिलेले लॉट सहसा परत घेतले जात नाहीत, त्यामुळे अशा लॉटवर बोली लावायची तर प्रत्यक्ष किंवा माणूस पाठवून बघूनच.

पाकिटं: इथे घाई नको

टपाल इतिहासात तिकिटापेक्षा प्रवास मोलाचा. चीन १ मार्च १९१४ ला जागतिक टपाल संघात आला. त्याआधी कस्टम्स पोस्टचं तिकीट पत्राला शांघायपर्यंतच नेत असे, पुढे युरोपला जायला फ्रेंच, ब्रिटिश-हाँगकाँग, जपानी असं चीनमधल्या परदेशी टपाल कार्यालयाचं तिकीट लागायचं. म्हणून पेकिंगहून पॅरिसला गेलेल्या पत्रावर ड्रॅगन आणि फ्रेंच तिकीट दोन्ही असणं योग्य. पण खोटी जोडणीही इथेच होते: अस्सल फ्रेंच पाकिटावर नंतर ड्रॅगन चिकटवला जातो.

तपासायचा क्रम असा. आधी तारखा: सुटण्याचं ठिकाण, मग शांघाय, मग पोहोच, सगळ्या ओळीने पुढे जाणाऱ्या हव्यात. मग वेग. पेकिंग-तिएनत्सिनच्या वाटेवरची पेइहो नदी हिवाळ्यात गोठायची आणि टपाल खुष्कीच्या मार्गाने चिनकियांगपर्यंत जाऊन तिथून पुढे निघायचं. जानेवारीतलं पेकिंगचं पत्र शांघायला चार दिवसांत पोहोचलं असेल तर शिक्का किंवा तारीख तपासाच. मग दर: त्या वर्षीच्या, त्या वजनाच्या दराशी तिकिटांची बेरीज जुळते का? जुळत नसेल तर पत्र दुप्पट वजनाचं होतं की एखादं तिकीट गळून पडलंय, याचा खुलासा हवा. शेवटी शिक्का तिकिटावरून पाकिटावर नीट उतरलाय का, आणि दोन्हीकडच्या शाईचा रंग भिंगाखाली एकच आहे का. तिकिटाच्या कडेखालचा कागद बाकीच्या पाकिटाइतकाच पिवळा असेल तर तिकीट नुकतंच लागलंय. शंभर वर्षं झाकलेली जागा फिकट राहते.

लाल पट्टीच्या चिनी पाकिटांवर तिकीट बहुधा मागे असतं. पुढचाच फोटो दिलेल्या लॉटवर बोली लावणं म्हणजे डोळे झाकून खरेदी.

प्रमाणपत्र

लंडनच्या रॉयल फिलॅटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती, बीपीए एक्सपर्टायझिंग, न्यूयॉर्कचं फिलॅटेलिक फाउंडेशन यांच्या प्रमाणपत्रांना बाजारात मान आहे. प्रमाणपत्राची तारीख आणि फोटो बघा: फोटोतले दाते, शिक्क्याची जागा तुमच्या तिकिटाशी तंतोतंत जुळायला हवी. खूप जुनं प्रमाणपत्र असेल तर नव्याने काढून घ्यावं, कारण दुरुस्ती त्यानंतरही होऊ शकते. प्रमाणपत्र नसलेला महाग लॉट घ्यायचा तर लिलावाआधी लेखी ‘एक्स्टेन्शन’ मागा. याचा अर्थ, तिकीट तज्ज्ञांकडे जाऊन मत येईपर्यंत विक्री पक्की होत नाही. हातोडा पडल्यावर ही मागणी सहसा चालत नाही.

बोलीचं गणित

हाँगकाँगमध्ये इंटरएशिया, जॉन बुल, स्पिंक, बीजिंगमध्ये चायना गार्डियन, जिनिव्हात डेव्हिड फेल्डमन अशी घरं चिनी साहित्य नियमित विकतात. हातोडा पडतो त्या रकमेवर खरेदीदाराचं कमिशन साधारण १५ ते २५ टक्के, शिवाय कार्डाचं शुल्क, विमा आणि पाठवणी. मर्यादा उलट दिशेने काढा. एकूण २०,००० हाँगकाँग डॉलरच्या वर जायचं नसेल, प्रमाणपत्राला १,२०० आणि विमा-टपालाला ८०० धरले, तर उरतात १८,०००. कमिशन २० टक्के असेल तर १८,००० ला १.२ ने भागा: १५,०००. हीच तुमची शेवटची बोली. आयात कर लागणार असेल तर भागाकाराच्या आधीच तोही वजा करा.

लेखी बोली लवकर पाठवा. दोन सारख्या बोलींत आधी आलेलीला बहुतेक घरं प्राधान्य देतात. बोली ठरावीक टप्प्यांनी वाढते; टप्प्यात न बसणारी रक्कम सहसा खालच्या टप्प्यावर आणली जाते, म्हणून नियमांतला टप्प्यांचा तक्ता पाहून आकडा लिहा. चीनच्या मुख्य भूमीवरच्या लिलावांत बोलीआधी अनामत भरावी लागते, आणि जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर सांस्कृतिक वारशाचे निर्बंध आहेत. लॉट बाहेर पाठवता येईल का, हे लेखी विचारल्याशिवाय तिथे बोली लावू नये. नाहीतर वस्तू तुमची होते आणि राहते बीजिंगमध्येच.

घरी आल्यावर

पार्सल कॅमेऱ्यासमोर उघडा आणि लगेच वर्णनाशी ताडून बघा, कारण परत करण्याची मुदत मोजकेच दिवस असते. सीमाशुल्कासाठी टपाल तिकिटांचा शीर्षक क्रमांक ९७०४. पाठवणाऱ्याला तोच आणि खरी किंमत लिहायला सांगा. कमी किंमत दाखवली तर हरवल्यावर विमाही तेवढाच मिळतो.

पीव्हीसीचे पाऊच वापरू नका, त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ शाईला ओढतो. पॉलिएस्टरच्या पिशव्या घ्या, आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांदरम्यान ठेवा. पाकीट कधीही धुऊ नका, आणि चिकटलेलं तिकीट वाफेने सोडवू नका. कॅटलॉगचं पान, पावती, लॉट क्रमांक आणि प्रमाणपत्र एका फाइलमध्ये ठेवा. पुढे विकताना तिकीट कुणाकुणाच्या हातांतून आलं याची साखळी त्याच कागदांवर दाखवता येते.