दीर्घ खंडानंतर पुन्हा गाताना: इंदूरच्या लोकगीतकारांसाठी

नोकरी आणि संसार यांत वीस-तीस वर्षे गाणे मागे पडले, पण एकेकाळी स्वतः गीते रचून म्हणत होतो, अशा इंदूरच्या मराठी मंडळींनी पुन्हा गायला बसताना सर्वांत आधी तरुणपणीची पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, सोडावी. वयानुसार स्वरतंतू बदलतात. रजोनिवृत्तीनंतर बायकांचा आवाज बहुधा खाली उतरतो, तर पुरुषांचा उतारवयात किंचित चढू शकतो. पूर्वी पेटीच्या ‘काळी पाच’ या सुरात गाणाऱ्या बाईंना आता त्याहून खालची ‘पांढरी पाच’ किंवा ‘काळी तीन’ सुखाची वाटली, तर त्यात काहीच कमीपणा नाही. मोबाइलवर तानपुरा लावून एकेक स्वर खाली यावे आणि गीतातली सर्वांत उंच ओळ मान न ताणता म्हणता येईल, तोच षड्ज, म्हणजे ‘सा’, आपला मानावा.

सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटांचा रियाज पुरतो. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

खरे कष्ट जुन्या वहीपाशी आहेत, कारण तिच्यात शब्द असतात, चाल नसते. अशा वेळी हाताने ताल धरून ओळ मोठ्याने वाचावी. सहा मात्रांचा दादरा की आठ मात्रांचा केरवा, हे पुष्कळदा शब्दच सांगतात. रचना सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या अभंगाची असेल, तर शेवटच्या चार अक्षरांनंतर थोडी जागा मोकळी राहते. तिथे आपण श्वास घेत होतो की स्वर लांबवत होतो, एवढे आठवले तरी बरीचशी चाल हाती लागते. जे सापडेल ते लगेच ध्वनिमुद्रित करावे.

दम पुरत नसेल, तर ओळी तोडून लहान कराव्यात, आणि गाणेच जमत नसेल, तर नुसते ऐकावे. क्षयाने आजारी असलेले गायक कुमार गंधर्व 1948 मध्ये आपल्या शेजारच्या देवासला आले. गाणे बंद असलेल्या त्या काळात माळव्याची लोकगीते त्यांनी मन लावून ऐकली आणि पुढे लोकधुनांतून धुनउगम राग घडवले. गाता येत नसतानाचे ऐकणेही रियाजच असते, असे मी ठामपणे मानते. म्हणून पितृपक्षात माळवी मुली संजा या आपल्या लोकोत्सवाची गीते गातात ती जवळ बसून ऐकावीत. आपल्या भोंडल्याच्या गाण्यांशी त्यांचे नाते कानाला आपोआप जाणवते आणि नव्या गीताला त्यातून बळ मिळते.

मात्र घेतलेली चाल लोकांची असेल, तर वहीत ‘चाल पारंपरिक, शब्द स्वतःचे’ अशी नोंद तारखेसह करावी. स्वतःच्या शब्दांवरचा हक्क कायद्याने हयातभर आणि त्यानंतर 60 वर्षे टिकतो.

पहिल्यांदा गायला कोजागरी किंवा कॉलनीतला गणेशोत्सव बरा. दोनच गीते निवडावीत आणि पेटीवाल्यांना पट्टी, तबलजींना ठेका व लय आदल्या दिवशीच कळवावी, म्हणजे ऐनवेळी कोणाच्या आग्रहाखातर वरच्या पट्टीत गाण्याची पाळी येत नाही.