हार्ट अटॅकनंतर मनातली धडधड कशी आवरायची
घरी आल्यावर पहिले काही आठवडे छातीत जरा टोचलं तरी हात आपोआप नाडीवर जातो, रात्री तर स्वतःचे ठोके मोजत पडायचं आणि मोजल्यामुळेच ते अजून वाढतात, हे बहुतेकांचं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आधी डॉक्टरांकडून एक गोष्ट कागदावर लिहून घ्या: कुठलं दुखणं झालं की वाट न बघता लगेच मदत बोलवायची. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घाम, दम लागणं असं काही झालं आणि बसून काही मिनिटांत कमी झालं नाही तर सरळ अॅम्ब्युलन्स बोलवा, "टेन्शनच असेल" म्हणून वाट बघायची नाही. जिभेखालची गोळी दिली असेल तर ती कशी घ्यायची तेही त्याच कागदावर. हा कागद फ्रीजवर लागला की अर्धी भीती तिथेच उतरते, खरंच.

बाकी वेळी श्वास. 4 मोजत नाकाने आत, 6 मोजत सावकाश बाहेर, 5 मिनिटं, श्वास रोखायचा नाही. कार्डिअॅक रिहॅब (हृदयरुग्णांसाठी देखरेखीखाली करून घेतला जाणारा व्यायाम) मिळत असेल तर सोडू नका, तिथे मॉनिटर लावून चालवतात तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं की ठोके वाढले तरी काही बिघडत नाही.

बीपी दिवसात दहा वेळा बघू नका. गोळ्या मनाने बंद करू नका, बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि बीपी कमी ठेवणारी गोळी) तर अजिबात नाही. आणि उदासी दोन आठवड्यांवर गेली, झोप उडाली तर डॉक्टरांना तेही सांगा, लोक नेमकं हेच लपवतात.