एनसीसीच्या नौदल विभागात शालेय वयात: प्रवेशापासून ‘ए’ प्रमाणपत्रापर्यंत

आठवी-नववीत एनसीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेच्या, नौदल विभागात दाखल होऊ इच्छिणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९४८ च्या कायद्याने एनसीसी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी तिच्यात मुलींचा विभाग आला, १९५० मध्ये हवाई आणि १९५२ मध्ये नौदल विभाग सुरू झाला. सत्तर वर्षांहून अधिक काळ चालू असलेल्या या नौदल विभागाबद्दल बहुतेक घरांत एवढीच कल्पना असते की मुले पांढरा गणवेश घालून स्वातंत्र्यदिनी संचलन करतात. संचलन महत्त्वाचे आहेच, पण या दोन वर्षांतले खरे शिक्षण दोर, होडी आणि पाणी यांच्याकडून मिळते, आणि पुढाऱ्याचे गुणही मैदानापेक्षा होडीत लवकर कसाला लागतात. म्हणून या लेखात प्रवेशाच्या कागदपत्रांपेक्षा त्या शिक्षणाला अधिक जागा दिली आहे.

पालकांच्या मनातली पहिली शंका आधी दूर करतो. एनसीसीत नाव घातल्याने सैन्यात जाण्याचे कोणतेही बंधन येत नाही. एनसीसी संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत असली आणि नौदलाचे अधिकारी व नौसैनिक प्रशिक्षण देत असले, तरी कॅडेटवर, म्हणजे एनसीसीतल्या विद्यार्थ्यावर, प्रत्यक्ष लष्करी सेवेची जबाबदारी नसते.

प्रवेश

शाळेत एनसीसी असली म्हणजे नौदल विभाग असतोच असे नाही. शाळेला कोणत्या विभागाच्या किती जागा मंजूर आहेत, हे शाळेतले सहयोगी एनसीसी अधिकारी, ज्यांना मुले ‘एएनओ सर’ किंवा ‘एएनओ मॅडम’ म्हणतात, तेच नेमके सांगू शकतात. त्यांना जूनमध्ये, शाळा उघडताच भेटावे. शालेय विद्यार्थ्यांच्या विभागाला मुलांसाठी ज्युनिअर डिव्हिजन आणि मुलींसाठी ज्युनिअर विंग म्हणतात. त्याचा कालावधी दोन वर्षांचा असून प्रवेशासाठी वयाची बारा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. जागा थोड्या आणि इच्छुक जास्त असल्याने बहुतेक ठिकाणी धावणे, साधी शारीरिक चाचणी आणि छोटी मुलाखत घेतात. पालकांची लेखी संमती आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला लागतो, तेव्हा ही कागदपत्रे आधीच तयार ठेवावीत.

शक्य असेल तर आठवीतच दाखल व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नववीत प्रवेश घेतला तर दुसरे वर्ष दहावीत येते आणि शालेय विभागाच्या दोन वर्षांच्या शेवटी होणारी ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा, शिबिर आणि बोर्डाची तयारी एकमेकांच्या आड येतात. या परीक्षेला बसण्यासाठी दोन्ही वर्षांच्या ठरलेल्या तासिकांपैकी किमान ७५ टक्के हजेरी आणि एक वार्षिक प्रशिक्षण शिबिर आवश्यक असते. हजेरी शेवटच्या तिमाहीत भरून काढता येत नाही. पहिल्या परेडपासून तिचा हिशेब स्वतःच्या वहीत ठेवावा.

शाळेत नौदल विभाग नसेल तर मुंबई परिसरातल्या विद्यार्थ्यांनी १९३८ पासून चालू असलेल्या सी कॅडेट कोअरची चौकशी करावी. कुलाब्यातील त्यांच्या ‘टी. एस. जवाहर’ या केंद्रात मुलामुलींना नौकानयनाचे शिक्षण मिळते. इतरत्र राहणाऱ्यांनी शाळेत असेल त्या विभागात नाव घालावे आणि पुढे सांगितलेली तयारी स्वतःच्या बळावर करावी, कारण तिचा मोठा भाग कोणत्याही तळ्याकाठी किंवा घरच्या ओसरीवरही करता येतो.

आधी पोहणे

प्रवेश मिळण्याची वाट न पाहता पोहायला शिकावे. वेगाला येथे फारसे महत्त्व नाही. कपड्यांसह पाण्यात पडल्यावर न घाबरता दहा-पंधरा मिनिटे तरंगत राहता येणे महत्त्वाचे आहे. उत्तम पोहता येत असले तरी होडीत चढण्यापूर्वी लाइफ जॅकेट घालून त्याचे पट्टे आवळलेच पाहिजेत. होडी उलटली तर किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत निघू नये. उलटलेली होडी बहुधा तरंगत राहते, तिला धरून राहिलेला माणूस शोधणाऱ्यांना लवकर दिसतो आणि त्याची शक्तीही वाचते. हा नियम मुलांना शिकवताना मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण पाण्यावरून किनारा नेहमी असतो त्याहून जवळ भासतो.

दोर आणि गाठी

सुमारे दीड मीटर लांबीचा, बोटाएवढ्या जाडीचा दोर घरी आणून ठेवावा. नायलॉनचा गुळगुळीत दोर टाळावा, कारण त्यावरच्या गाठी सरकतात आणि नवशिक्याला आपली चूक कळत नाही. अभ्यासक्रमात बऱ्याच गाठी असल्या तरी रीफ नॉट, क्लोव्ह हिच, शीट बेंड, फिगर ऑफ एट, राउंड टर्न अँड टू हाफ हिचेस आणि बोलाइन या सहा हाताला पक्क्या बसल्या की बाकीच्या सोप्या जातात.

त्यातही बोलाइनला सर्वाधिक वेळ द्यावा. दोराचा लांब भाग डाव्या हातात धरून त्यावर एक लहान फास करावा. मोकळे टोक त्या फासात खालून वर काढावे, लांब भागाच्या मागून फिरवून पुन्हा त्याच फासात वरून खाली घालावे आणि मग टोक व लांब भाग ओढून गाठ घट्ट करावी. तयार झालेला मोठा फेरा कितीही ताण दिला तरी आवळत नाही. म्हणूनच तो पाण्यात पडलेल्या माणसाच्या काखेखालून घालता येतो, आणि काम झाल्यावर ही गाठ सहज सुटते. उजेडात पाहून बांधता येऊ लागली की डोळे मिटून बांधावी, त्यानंतर ओल्या दोराने, आणि शेवटी फेरा स्वतःच्या कमरेभोवती घेऊन बांधावी. रीफ नॉटबाबत एक सावधगिरी सांगितली पाहिजे. उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर, हा क्रम चुकला तर दिसायला तशीच पण घसरणारी गाठ तयार होते. दोन वेगळ्या जाडीचे दोर जोडण्यासाठी तर ही गाठ कधीच वापरू नये, तेथे शीट बेंडच हवी.

होडी

होडी वल्हवण्याचे शिक्षण बहुधा २७ फुटी व्हेलरवर दिले जाते. तिच्यात पाच जण वल्ही मारतात, एका बाजूला तिघे आणि दुसऱ्या बाजूला दोघे, आणि मागे सुकाणूवर कॉक्सन असतो. वल्हवणाऱ्यांची पाठ होडीच्या नाळेकडे असल्याने होडी कोठे चालली आहे हे एकट्या कॉक्सनला दिसते, बाकीच्यांना नाही. इतरांनी फक्त त्याच्या आवाजावर विसंबायचे असते. नेतृत्वाचा यापेक्षा उघड धडा शाळेच्या वयात दुसरीकडे मिळत असेल असे मला वाटत नाही. कॉक्सन गडबडला की पाचही वल्ही वेगवेगळ्या वेळी पाण्यात पडतात आणि होडीचे नाक भरकटते. कोणाला काही बोलण्याची गरज उरत नाही, चूक सर्वांनाच दिसते.

वल्हवताना नवशिक्याची सर्वसाधारण खोड म्हणजे केवळ हातांनी ओढणे. पाय समोरच्या आडव्या फळीला घट्ट रोवून, पाठ सरळ ठेवून, संपूर्ण अंगाचा भार मागे टाकायचा असतो. हात शेवटच्या टप्प्यातच वाकवायचे. वल्ह्याचे पाते जेमतेम बुडेल एवढेच पाण्यात घालावे, खोल गेले तर ते पाण्यात अडकते आणि मूठ छातीवर आदळते. नजर वल्ह्यावर न ठेवता पुढे बसलेल्याच्या पाठीवर ठेवावी, म्हणजे ताल आपोआप जुळतो. ‘गिव्ह वे टुगेदर’ ही आज्ञा झाली की सर्वांनी एकत्र सुरुवात करायची आणि ‘ओअर्स’ म्हटले की वल्ही पाण्याबाहेर आडवी धरून थांबायचे. सरावाच्या आधी या आज्ञा जमिनीवर बसून, हातात काठ्या घेऊन घोटून घ्याव्यात. कॉक्सनची जागा आलटून पालटून सर्वांना मिळावी असा आग्रह कॅडेटनी स्वतःच धरावा, कारण स्पर्धा जवळ आली की एकाच चांगल्या मुलाला तेथे कायम बसवण्याचा मोह प्रशिक्षकांनाही होतो.

समुद्राचे विज्ञान नोंदवहीत

नौकानयनाच्या पुस्तकी भागातल्या काही गोष्टी पाठच कराव्या लागतात. सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो आणि ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. जहाजाच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो. होकायंत्राची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ३६० अंशांत मोजतात, तर वाऱ्याचा जोर ब्यूफोर्ट मापनात ० ते १२ असा सांगतात. मात्र भरती-ओहोटी पाठ करून समजत नाही, ती पाहावी लागते.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्या कॅडेटने एखाद्या धक्क्याची पायरी किंवा खडक खूण म्हणून निवडावा आणि महिनाभर, शक्यतो रोज, पाणी त्या खुणेला कधी लागले ते तिथीसह लिहावे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, आणि भरतीही तितकीच उशिरा येते. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती बाराच्या सुमारास येत असल्याने तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. उदाहरणार्थ, पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी आणि पहाटे पावणेचारच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीला भांग म्हणतात. नोंदी प्रामाणिकपणे ठेवल्या तर सर्वांत मोठे उधाण पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते, हेही कॅडेटच्या आपोआप लक्षात येईल, आणि असे का होते हा प्रश्न घेऊन तो शिक्षकांकडे जाईल. हा हिशेब समजून घेण्यासाठी आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी मात्र छापील भरती-ओहोटीचे कोष्टकच पाहावे.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनी हीच वही वाऱ्यासाठी ठेवावी. सकाळी आणि संध्याकाळी तळ्यावरच्या वाऱ्याची दिशा, पाण्यावरच्या लाटांचे रूप आणि ढगांचे प्रकार लिहिले, तर शिडाच्या होडीत पहिल्यांदा बसताना वारा अनोळखी वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी इतरांना शिकवणे

पहिले वर्ष आज्ञा पाळण्याचे असते, तर दुसऱ्या वर्षी नवे कॅडेट सोपवले जातात आणि लीडिंग कॅडेट किंवा पेटी ऑफिसर कॅडेट असा हुद्दा मिळू शकतो. आज्ञा देण्याची कला तेव्हा शिकावी लागते. ‘दहिने… मुड’ या आज्ञेत पहिला शब्द सावध करतो आणि दुसरा कृती करायला सांगतो. त्यामधले अंतर फार कमी झाले तर तुकडी गोंधळते, फार वाढले तर ताठरलेले शरीर सैल पडते. आवाज घशातून न काढता पोटातून काढावा, अन्यथा तासाभरात तो बसतो.

चुकणाऱ्या नव्या मुलाला सर्वांसमोर ओरडण्याची पद्धत काही ठिकाणी रुजलेली आहे, आणि ती मला मनापासून चुकीची वाटते. सेमाफोरची, म्हणजे हातातल्या दोन निशाणांच्या कोनांवरून अक्षरे दाखवून संदेश देण्याच्या पद्धतीची, निशाणे हलवताना ज्याचा एखादा कोन चुकतो, त्याच्यासमोर उभे राहून तो कोन स्वतः करून दाखवावा, त्याच्याकडून करून घ्यावा आणि बरोबर आल्यावरच पुढच्या अक्षराकडे वळावे. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्याने कोणाचेही सेमाफोर सुधारत नाही. वरिष्ठ कॅडेटकडून त्रास होत असेल तर नव्या मुलाने तो एएनओंना आणि घरी निःसंकोच सांगावा.

शिबिरे आणि पुढची वाट

वार्षिक प्रशिक्षण शिबिर साधारण दहा दिवसांचे असते. त्यात झोपेची आणि जेवणाची वेळ बदलते, म्हणून आठवडाभर आधीपासून पहाटे उठण्याची सवय लावावी आणि नवे बूट शिबिरातच पहिल्यांदा घालू नयेत. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिराचे आकर्षण स्वाभाविक आहे. तरीही नौदल विभागाच्या कॅडेटने त्याच्या बरोबरीने अखिल भारतीय नौसैनिक शिबिराचे उद्दिष्ट ठेवावे, कारण होडी वल्हवणे, शीड हाकणे, सेमाफोर आणि जहाजांच्या प्रतिकृती बनवणे या नौदल विभागाच्या खास विषयांची कसोटी तेथे लागते.

ज्यांना पुढे समुद्रावरच जायचे आहे त्यांनी आठवी-नववीतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगांधळेपणाची तपासणी करून घ्यावी. नौदल असो वा मर्चंट नेव्हीचा, म्हणजे व्यापारी जहाजांवरचा, जहाज हाकणारा डेक विभाग, रंग ओळखण्याची क्षमता तेथे अनिवार्य असते, आणि ही गोष्ट बारावीनंतर कळली तर फार मोठा हिरमोड होतो. खडकवासल्याच्या एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, नौदलात जाण्यासाठी, एझिमला येथील भारतीय नौदल अकादमीच्या बी.टेक. प्रवेशासाठी आणि इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीच्या प्रवेश परीक्षेतून मर्चंट नेव्हीच्या डेक किंवा इंजिन विभागाच्या पदवीकडे वळण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय लागतात. अकरावीची शाखा निवडताना हे ध्यानात ठेवावे. मुलींना एनडीएचे दार २०२२ पासून खुले झाले आहे.

‘ए’ प्रमाणपत्र हाती आल्यावर त्याच्या दोन साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात आणि अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच त्या कनिष्ठ महाविद्यालयात वरिष्ठ विभागाची एनसीसी, विशेषतः नौदल विभाग, आहे का याची चौकशी करावी. ‘बी’ आणि ‘सी’ प्रमाणपत्रे त्या विभागातूनच मिळतात आणि तेथील जागाही पहिल्या काही दिवसांतच भरतात.