शोपाँचा ई मायनर प्रिल्यूड फील देऊन वाजवताय? या चुका टाळा

संगीतकार शोपाँच्या ओपस २८ या संग्रहातला ४ नंबरचा प्रिल्यूड (छोटी पियानो रचना), फक्त २५ बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड), नोट्स सोप्या म्हणून बरेच जण लवकर शिकायला घेतात आणि मग पहिल्या बारपासूनच डोळे मिटून सगळं दुःख उजव्या हातात ओततात. आधी ती मेलडी एकटी वाजवून बघा ना. बी, सी, परत बी, परत सी... सुरुवातीला जागची हलतच नाही. मग गलबलून येतं ते कशाने? डाव्या हाताने! तिथे कॉर्डमधला (एकत्र दाबलेल्या सुरांमधला) कधी एक सूर, कधी दोन, अर्ध्या सुराने खाली सरकत राहतात आणि वरचा तोच बी दरवेळी वेगळा ऐकू येतो. १८४९ मध्ये शोपाँच्या अंत्यविधीला पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये हा प्रिल्यूड ऑर्गनवर वाजवला गेला, आणि ऑर्गनवर तर बोटाच्या दाबाने आवाज लहान-मोठा होतही नाही!

त्यामुळे सगळ्यात मोठी चूक म्हणजे डाव्या हाताला नुसती साथ समजून सगळे कॉर्ड सारखेच ठोकणं. उपाय सांगते. रिपीट होणारे कॉर्ड गाळा, कॉर्ड बदलेल तिथेच एकदा दाबून धरा आणि कुठलं बोट हललं ते ऐका, जमलं तर तो सूर गाऊन बघा. कंटाळा आला तरी दोन-तीन दिवस एवढंच करा, मग मूळ पीस वाजवताना ते बोट आपोआप जरा जास्त वजन घेतं.

दुसरं, रुबाटोच्या (लय जराशी मागेपुढे करण्याच्या) नावाखाली प्रत्येक बारच्या शेवटी रेंगाळणं. डावा हात म्हणजे कंडक्टर, असं शोपाँ शिष्यांना सांगायचा. तबलजी ठेका सोडत नाही म्हणूनच गायकाला मागेपुढे खेळता येतं, तसंच हे.

जोर लवकर संपवू नका. १३व्या बारला सुरुवातीचीच मेलडी परत येते, आणि पहिल्या फेरीतच सगळं देऊन टाकलं तर १६-१७व्या बारला स्ट्रेटो (इथे लय घाईची होते) आणि अख्ख्या पीसमधला एकमेव फोर्टे (जोरात वाजवायची खूण) येतो तेव्हा हातात काही उरत नाही.

सूर लांबवणारं पेडल, कॉर्ड बदलला की बदला, बस्स.

आणि २३व्या बारचा तो अधांतरी कॉर्ड! त्यानंतरच्या विरामावर फर्माटा (थांबा लांबवण्याची खूण) आहे, तरी लोक घाईने शेवटचे तीन कॉर्ड उरकतात. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका, वाजवताना खूप लांब वाटलेली शांतता ऐकताना अगदीच तोकडी निघते. मी तिथे श्वास पूर्ण सोडते, आणि मगच हात परत कीजवर नेते.