मेटोप्रोलॉल चालू आहे? मग ती गोळी कशी घ्यायची आणि का अचानक बंद करायची नाही, हे एकदा नीट वाचा

आमच्या बाबांना मेटोप्रोलॉल, म्हणजे बीपी आणि हृदयाची गोळी, चालू होऊन सहा वर्षं झाली, आणि एका गणपतीत ते गावाला पाच दिवस म्हणून गेले ते दहा दिवस राहिले. गोळ्या पाचच दिवसांच्या होत्या. त्यांना वाटलं बीपी तर नॉर्मल आहे, चार दिवस नाही घेतली तर काय होतंय. गोळी बंद होऊन तिसऱ्या दिवशी आरतीला उभे असताना छातीत धडधड सुरू झाली, दरदरून घाम, तसंच त्यांना तालुक्याला नेलं तर बीपी १८०/१०० आणि ठोके १२० च्या वर. वेळेवर नेलं म्हणून निभावलं. तेव्हापासून ही गोळी कुणाच्या घरात दिसली की मी विचारतेच, शिल्लक किती आहेत?

असं का होतं ते समजलं की बाकीचं आपोआप लक्षात राहतं. अ‍ॅड्रेनलिन हृदयाला पळायला लावतं आणि ही गोळी त्याचा रस्ता अडवते, म्हणून ठोके संथ होतात, बीपी उतरतं, हृदयावरचा ताण कमी होतो. पण रस्ता बरेच महिने अडलेला असला की शरीर त्या अ‍ॅड्रेनलिनला जास्त संवेदनशील होऊन बसतं. मग गोळी एकदम थांबवली की ठोके आणि बीपी उसळी मारतात, आणि ज्यांच्या हृदयाच्या नळ्यांमध्ये ब्लॉकेज आहे त्यांना तर अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं, वाढू शकतो, हार्ट अ‍ॅटॅकसुद्धा येऊ शकतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत डोस हळूहळू उतरवत आणतात, आपल्या मनाने नाही. आणि बीपी नॉर्मल आलंय ते गोळीमुळेच आलंय हो, हे घरातल्या मोठ्या माणसांना परत परत सांगावं लागतं.

आता घ्यायची कशी. जेवणासोबत किंवा जेवण झाल्या झाल्या, आणि रोज एकाच वेळी. पोटात अन्न असलं की ती जास्त शोषली जाते, म्हणून एक दिवस उपाशीपोटी आणि एक दिवस जेवून असं करू नका, परिणाम रोज सारखा राहत नाही. आषाढीला, नवरात्रात, श्रावणी सोमवारी "आज उपास म्हणून गोळी नाही" हे तर अजिबातच नको. साबुदाण्याची खिचडी, वरी, दूध-केळं जे काय खाल त्याच्यासोबत घ्या. निर्जळी करायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, त्यात मधुमेह असेल तर नक्कीच.

पाकिटावर सक्सिनेट लिहिलंय की टार्ट्रेट तेवढं बघून ठेवा. सक्सिनेटवाली, म्हणजे नावापुढे एक्सएल किंवा ईआर असतं ती, दिवसभर हळूहळू सुटते म्हणून सहसा एकदाच, आणि टार्ट्रेटवाली साधी गोळी बहुतेक दोनदा घ्यायची असते. दोन्हीवर मेटोप्रोलॉल ५० लिहिलेलं असलं तरी एकीच्या जागी दुसरी चालत नाही, त्यामुळे मेडिकलवाल्याने "तेच आहे, फक्त कंपनी वेगळी" म्हणून दुसरं पाकीट दिलं तर हे नाव तिथेच वाचून घ्या. जनऔषधी केंद्रातून घ्यायलाही काही हरकत नाही, फक्त नाव आणि ताकद जुळली पाहिजे. एक्सएल गोळीच्या मधे रेघ असेल तर डॉक्टरांनी अर्धी सांगितल्यावर त्या रेघेवर मोडता येते, पण चावायची नाही, कुटायची नाही, कारण कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. गिळायला त्रास होतो म्हणून आजींना खलबत्त्यात कुटून मधातून देणारे लोक मी स्वतः पाहिलेत.

आमच्याकडे अजून एक घोळ होता. बाबांना साखरेची मेटफॉर्मिन पण आहे, दोन्ही नावं "मेट" ने सुरू, दोन्ही गोळ्या पांढऱ्या, आणि आई पाकिटं कात्रीने कापून एकाच डबीत ठेवायची, त्यात नाव पण अर्धं कापलं जायचं आणि एक्सपायरी पण. आता पाकीट अख्खंच ठेवतो आणि त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "हृदय - सकाळी नाश्त्यानंतर" असं लिहितो. साखरेवरून आठवलं, साखर एकदम कमी झाली की जी धडधड आणि थरथर होते ती या गोळीमुळे जाणवत नाही, घाम मात्र येतो. म्हणून मधुमेह असेल तर उगाच घाम फुटला की आधी ग्लुकोमीटरवर साखर बघा.

गोळी विसरली तर? दोन-चार तासांनी आठवलं तर घेऊन टाका, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या, दोन एकदम कधीच घेऊ नका.

ठोके मोजायची सवय लावा. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर बऱ्याच घरात कपाटात पडलाय, त्यावर ऑक्सिजनच्या बाजूला ठोक्यांचा आकडा असतो. किती खाली गेले तर कळवायचं ते डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा, साधारण ५० च्या खाली जात असतील तर पुढची गोळी घेण्याआधी फोन कराच. ठोके कमी आणि सोबत चक्कर, डोळ्यापुढे अंधारी असेल, किंवा छातीत दुखत असेल, खूप दम लागत असेल तर फोन करत बसू नका, १०८ ला अँब्युलन्स बोलवा. सुरुवातीला थकवा, हातपाय गार पडणं, विचित्र स्वप्नं हे होऊ शकतं, अंथरुणातून उठताना आधी दोन मिनिटं कडेला बसा मग उभे राहा. पायावर सूज येत असेल किंवा वजन झपाट्याने वाढत असेल तर मात्र लगेच दाखवा.

आणि डॉक्टरांना सगळं सांगा, खरंच सगळं. दमा आहे का, डिल्टियाझेम किंवा व्हेरापॅमिल या बीपी-हृदयाच्या दुसऱ्या गोळ्या चालू आहेत का, डिप्रेशनची गोळी आहे का, कारण पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिनने या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब तर कुणी औषधात मोजतच नाही, पण तेही याच जातीचं औषध, डोळ्यातून रक्तात उतरतं आणि ठोके अजून कमी करू शकतं. गुडघ्यासाठी रोजची डायक्लोफिनॅक, सर्दीची नाक मोकळं करणारी गोळी, आणि खोकल्याला रोज ज्येष्ठमधाचा काढा, या तिन्हींनी बीपी चढू शकतं. दात काढायचा असो की ऑपरेशन, ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं, आणि ऑपरेशन आहे म्हणून स्वतःहून बंद करायची नाही.

आम्ही आता प्रिस्क्रिप्शनचा फोटो घरातल्या तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवलाय, पाकिटात दहा गोळ्या उरल्या की नवीन आणतो, आणि गावाला जाताना जेवढे दिवस राहायचं त्याच्या दुप्पट गोळ्या, त्याही गाडीच्या डिकीतल्या बॅगेत नाही, बाबांच्या खांद्यावरच्या शबनममध्ये.